बंब, गीझर आणि जावकेची वाट

ठाण्याच्या नौपाड्यात ज्या घरांना अंगण आणि विहीर होती, त्या घरांत सर्वांत आधी जागा होत असे तो तांब्याचा बंब. पुण्याच्या तांबट आळीतल्यासारख्या कारागिरांनी घडवलेल्या या भांड्याची रचना मोठ्या विचाराने झालेली होती. मधोमध एक उभे नळकांडे, त्याच्या भोवती पाणी, तळाशी जाळी आणि जाळीवर कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या. जळताना होणारा धूर नळकांड्यातून सरळ वर जाई आणि जाता जाता आपली ऊब भोवतीच्या पाण्याला देई. वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून ऊन पाणी घ्यावे, एवढाच त्याचा व्यवहार. हा बंब सहसा न्हाणीघरात नसे. तो परसात, पडवीत किंवा मोरीच्या बाहेर उघड्यावर असे. रसायनशास्त्र कोणी शिकले नव्हते, पण धूर डोळ्यांना झोंबत असे आणि त्यामुळे बंबाची जागा आपोआप ठरत असे.

पुढे अंगणे गेली, विहिरी बुजल्या. बंगल्यांच्या जागी तीन मजली इमारती आल्या आणि आता त्यांच्याही जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. बंब माळ्यावर गेला किंवा पितळ-तांब्याच्या भावाने विकला गेला. त्याच्या जागी विजेचा गीझर आला आणि मग गॅसचा. गॅसचा गीझर हा खरे पाहता बंबाचाच वंशज आहे. त्यातही ज्योत आहे, ज्योतीभोवती पाणी आहे. फरक पडला तो एका ठिकाणी. धूर झोंबत होता म्हणून बंब बाहेर राहिला. गॅस झोंबत नाही म्हणून गीझर आत आला. हा फरक दिसायला लहान असला, तरी महाराष्ट्रातील कितीतरी घरांना तो फार महाग पडला आहे.

नौपाड्यातील एका व्यापारी कुटुंबात या विषयाचा निर्णय घेण्याची वेळ आली ती नव्या इमारतीत राहायला गेल्यावर. जांभळी नाक्यावर कापडाचे दुकान, घरात लहानमोठी सात माणसे आणि सकाळचे दोनच तास. दादाजी आणि दादीजी यांना स्नान करून पूजेची वस्त्रे नेसून टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात जायचे असे. नातवंडांची शाळा लवकरची. मोठ्या मुलाला दुकान उघडायचे. विजेच्या गीझरची टाकी तिसऱ्या माणसापर्यंत रिकामी होई आणि उरलेल्यांना थांबावे लागे. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आलेलाच होता. त्याला आणखी एक फाटा काढून गॅसचा गीझर लावावा, म्हणजे पाणी हवे तेव्हा आणि हवे तितके मिळेल, विजेचे बिलही उतरेल, हा मुलाचा हिशेब चुकीचा नव्हता.

गीझर पाहायला आलेल्या मिस्त्रीने न्हाणीघरातील खिडकीच्या बाजूची भिंत दाखवली आणि अर्ध्या तासाचे काम असल्याचे सांगितले. दादाजींनी बंब पाहिलेला होता. त्यांनी सहज विचारले, “दादा, याचा धूर कुठे जातो?”

“शेठ, याला धूर नसतो. हा गॅस आहे.”

हे उत्तर ऐकून घरातील इतरांचे समाधान झाले. दादाजींचे झाले नाही. पन्नास वर्षे दुकानात बसलेल्या माणसाची एक सवय असते. माल आला तर आवकेत नोंद, गेला तर जावकेत नोंद. आवक आहे आणि जावक नाही, अशी वही त्यांना कधीच पटली नव्हती. जे जळते त्याचे काहीतरी होतेच, ते कुठेतरी जातेच, एवढे त्यांना ठाऊक होते. काम एक आठवडा पुढे ढकलावे, असे त्यांनी सांगितले.

त्या आठवड्यात सूनबाईंनी हा हिशेब मांडला. त्या विज्ञानाच्या पदवीधर होत्या आणि लग्नानंतर दुकानाचे जीएसटीचे काम त्याच पाहत होत्या. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे, तर सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. विजेचा घरगुती गीझर बहुधा दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे भिंतीवरची ती छोटी पेटी एका वेळी अशा पाच गीझरांचे काम करते. शेगडीच्या भाषेत सांगायचे तर चार-पाच मोठे बर्नर एकदम पूर्ण आचेवर पेटवल्यासारखे होते. न्हाणीघरात चार शेगड्या पेटवून, दार लावून कोणी आंघोळीला बसणार नाही. गीझरच्या पत्र्याआड मात्र तेच घडते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

एवढ्या उष्णतेसाठी मिनिटाला सुमारे वीस लिटर पाइपगॅस जळतो. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक लिटर मिथेन पूर्ण जळायला सुमारे दहा लिटर हवा लागते. सिलिंडरच्या गॅसला प्रत्येक लिटरमागे पंचवीस ते तीस लिटर लागते, पण तो कमी प्रमाणात जळतो, त्यामुळे एकूण हिशेब जवळपास तोच राहतो. याचा अर्थ गीझर मिनिटाला सुमारे दोनशे लिटर हवा घेतो आणि तितकीच जळकी हवा बाहेर टाकतो. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच न्हाणीघरात सुमारे नऊ हजार लिटर हवा असते. वीस मिनिटे गीझर चालला तर चार हजार लिटर हवा त्या ज्योतीतून जाऊन येते. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या थंडीमुळे किंवा पावसाच्या झडीमुळे बंद असतील, तर ती हवा पुन्हा त्याच ज्योतीत जाते.

हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. तो थोडा जरी घसरला, तरी ज्योतीला पुरेसा मिळेनासा होतो आणि गॅस अर्धवट जळू लागतो. पूर्ण जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि तो डोळ्यांनाही झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. श्वास चालू राहतो, छाती वरखाली होत राहते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही.

येथे एक गैरसमज घरोघरी आढळतो. गॅसला वास असतो, म्हणून धोका असेल तर वास येईलच, असे लोक धरून चालतात. तो वास गॅस गळला तर कळावा म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो आणि ज्योतीत तो जळून जातो. गळणारा गॅस आणि जळून उरलेला वायू ही दोन वेगळी संकटे आहेत. पहिल्याची सूचना नाकाला मिळते. दुसऱ्याची कोणालाच मिळत नाही.

ही गोष्ट दूरदेशीची नाही. २०२० च्या जानेवारीत बोरिवलीतील पंधरा वर्षांची एक मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी रुग्णालयात तिचा अंत झाला. गॅस गीझरमधून आलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्याचे कारण सांगण्यात आले. २०२३ च्या मार्चमध्ये होळी खेळून परतलेले घाटकोपरचे एक दांपत्य घराच्या न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. तेव्हाही संशय गीझरच्या वायूवरच गेला. भारतीय डॉक्टरांनी या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. न्हाणीघरात झटका येऊन पडलेल्या काही रुग्णांवर अपस्माराचे औषधोपचार सुरू होतात आणि गीझरची चौकशी कोणी करतच नाही, असेही त्यांच्या लक्षात आले आहे.

सूनबाईंनी हे सारे जेवणानंतर वाचून दाखवले, तेव्हा दादीजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मागच्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगितली. मौन एकादशीच्या उपवासासाठी त्या डोंबिवलीला मुलीकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पारण्याआधी सर्वांची स्नाने झाल्यावर त्या शेवटी आंघोळीला गेल्या आणि डोक्यावरून न्हायल्या. गार वारा नको म्हणून खिडकी लावलेली होती. डोके जड झाले, पायांतले बळ गेले, पोटात ढवळून आले. कशीबशी कडी काढून त्या बाहेर येऊन खाली बसल्या. उपवासाची चक्कर आहे, पित्त चढले आहे, असे सर्वजण म्हणाले. त्यांनाही तसेच वाटले. दुपारपर्यंत त्या सावरल्या आणि विषय संपला. मुलीच्या घरी न्हाणीघरातच, दाराच्या वर, गॅसचा गीझर होता. त्याला धुराची नळी नव्हती.

त्या दिवशी नेमके काय झाले, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण त्यातील प्रत्येक खूण त्या वायूशी जुळणारी होती. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, पायांत अशक्तपणा आणि न्हाणीघराबाहेर आल्यावर हळूहळू उतार. शेवटी स्नानाला जाणाऱ्याला धोका सर्वांत अधिक, कारण आधीच्या पाच जणांनी वापरलेली हवा त्याच्या वाट्याला येते. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण एकामागून एक माणसे जात राहिली की ती वेळ प्रत्येकासाठी नव्याने सुरू होते. घरातील शेवटचे स्नान बहुधा सुनेचे, सासूचे किंवा कामे उरकून आलेल्या आईचे असते. त्यांच्या भोवळीचे खापर उपवासावर, अशक्तपणावर किंवा वयावर फोडणे आपल्याकडे फार सोपे आहे. तप करणाऱ्या घरांनी तर ही खूण विशेष ध्यानात ठेवावी. चक्कर न्हाणीघरात आली असेल, तर पहिला प्रश्न गीझरविषयी विचारावा आणि त्यानंतर उपवासाविषयी.

त्याच रात्री डोंबिवलीला फोन गेला. “बेटा, उद्यापासून तो गीझर लावू नका. पाणी चुलीवर तापवा, पण तो लावू नका,” असे दादाजींनी मुलीला सांगितले. जावईबापूंना ते आधी अतिशयोक्त वाटले. इतकी वर्षे चालतो आहे, इमारतीत बहुतेकांकडे तसाच आहे, असे ते म्हणाले. दादाजींनी व्यापाऱ्याच्या भाषेत उत्तर दिले. दुकानाला आग लागलेली नसते तरी आपण विम्याचा हप्ता भरतो. तेव्हा आपण मागच्या वर्षांचा दाखला देत नाही.

नौपाड्याच्या घरात गीझरला नकार दिला गेला नाही. त्याची जागा आणि त्याची वाट मात्र बदलली. गीझर न्हाणीघराबाहेर, स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीत लावायचा आणि ऊन पाणी नळाने आत आणायचे, असे ठरले. बंब जेथे असे त्या जागेच्या अगदी जवळची ही जागा. त्याचबरोबर जळकी हवा बाहेर नेणारी धातूची नळी असलेलाच गीझर घ्यायचे ठरले. बाजारात बहुतेक लहान गीझर अशा नळीविना मिळतात. भारतीय मानक आयएस १५५५८ हे सिलिंडरच्या गॅसवरील लहान घरगुती गीझरांसाठी आहे आणि त्याची खूण पाहून घेणे योग्यच. पण ती खूण यंत्राची खात्री देते, ते कोठे आणि कसे बसवले याची देत नाही.

पहिली अडचण बाल्कनीचीच निघाली. कबुतरे येतात म्हणून तिला आधीच सरकत्या काचा बसवलेल्या होत्या. नावाला बाल्कनी, प्रत्यक्षात आणखी एक बंद खोली. काचांपैकी वरचा आणि खालचा भाग काढून तेथे कायमची उघडी जाळी बसवावी लागली. बंद होऊ शकते ती खिडकी कोणीतरी कधीतरी बंद करतेच. म्हणून हवेची वाट बंद न होणारीच हवी.

दुसरी अडचण नळीची. मिस्त्रीला सर्वांत सोपी वाट डक्टमधून दिसली. ड्राय बाल्कनीची आतली भिंत इमारतीच्या त्या उभ्या डक्टला लागून होती. भोक पाडायचे, दीड फूट नळी घालायची, काम संपले. बाहेरच्या बाजूने न्यायची तर लांब नळी, शिडी आणि दुप्पट खर्च. मुलाचा कल डक्टकडे झुकला होता. दादाजींनी डक्टमध्ये डोकावून वर पाहिले. प्रत्येक मजल्याच्या न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्या त्याच डक्टमध्ये उघडत होत्या.

“वरच्या मजल्यावर कोण राहते?” त्यांनी विचारले.

वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपे राहत होते. सूनबाईंना ठाऊक होते की त्या मुलीला सहावा महिना लागला आहे. गर्भातील बाळाला हा वायू आईपेक्षाही अधिक घातक असतो. पुढे कोणी वाद घातला नाही. आपल्या घरची जावक दुसऱ्याच्या घरची आवक होता कामा नये, एवढेच दादाजी म्हणाले आणि नळी बाहेरच्या भिंतीतून न्यायचे ठरले. इमारतीच्या सामाईक डक्टमध्ये अशी नळी सोडणे म्हणजे आपले संकट शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय. ज्याच्यावर ते कोसळेल त्याला त्याचे कारणही कळणार नाही.

नळी कशी असावी, यात फार गूढ नाही. बंबाच्या नळकांड्याचीच ती शिकवण आहे. आपोआप वर चढणाऱ्या हवेवर चालणारा गीझर असेल, तर नळीने आधी सुमारे दोन फूट तरी सरळ वर जावे आणि मगच वळावे. वळणे जितकी कमी तितकी बरी. आतला छोटा पंखा जळकी हवा ढकलत असेल, तर उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या लांबीपलीकडे ती वाढवू नये. नळी धातूची आणि त्या गीझरसाठीच बनवलेली असावी. पाणी वाहून नेणारा प्लास्टिकचा पाइप या उष्णतेपुढे टिकत नाही. सांधे घट्ट आणि उष्णता सोसणाऱ्या लेपाने बंद केलेले असावेत. बाहेरचे टोक कोणाच्याही खिडकीपासून दूर, मोकळ्या हवेत निघावे आणि त्यावर जाळीची टोपी असावी. टोपीवाचून मोकळे टोक दिसले की कबुतर तेथे काड्या आणते. घरटे झाले की नळी बुजते, हवा घरात उलटते आणि पुन्हा गीझर पेटला की पिलांचाही जीव जातो. एका टोपीने दोन्ही बाजूंचे जीव वाचतात.

गॅसच्या पाइपला फाटा काढण्याचे काम या कुटुंबाने आपल्या मिस्त्रीला दिले नाही. पाइपचा गॅस पुरवणाऱ्या कंपनीकडे अर्ज केला आणि तिच्या अधिकृत माणसाकडूनच जोडणी करून घेतली. घेताना गीझर पाइपगॅससाठीच बनवलेला आहे हे पाहिले. सिलिंडरच्या गॅसचा दाब आणि घनता वेगळी असते, म्हणून त्याच्या गीझरमधील तोंडे वेगळ्या मापाची असतात. सिलिंडर बंद करून पाइपगॅस घेणारी पुष्कळ घरे जुनाच गीझर नव्या पाइपला जोडतात; तेव्हा ज्योतीला गॅस आणि हवा यांचे योग्य प्रमाण मिळत नाही.

सर्व झाल्यावर एक परीक्षा घेण्यात आली. अशी परीक्षा घेतली जात असल्याचे फार थोड्यांना ठाऊक असते. घराची दारे-खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरातील चिमणी पूर्ण वेगावर सोडली आणि गीझर दहा मिनिटे चालू ठेवला. मग गीझरच्या वरच्या बाजूस, जेथून नळी निघते तेथे, जळती अगरबत्ती धरली. धूर आत ओढला जाऊन नळीने वर गेला पाहिजे. पहिल्या खेपेला तो घरात परतला. स्वयंपाकघराची चिमणी घरातली हवा इतक्या जोराने ओढत होती की नळीतून बाहेर जाणारी हवा उलट आत येत होती. बाल्कनी आणि स्वयंपाकघर यांमधील दाराला घट्ट बसणारी रबराची पट्टी लावली, ते दार गीझर चालू असताना बंद ठेवायचे ठरले आणि पुन्हा पाहिले, तेव्हा अगरबत्तीचा धूर सरळ वर चढला. ज्योत निळी आणि स्थिर होती. पिवळी ज्योत किंवा गीझरच्या तोंडाशी काजळी दिसली, तर गीझर तेथेच बंद करून माणूस बोलवावा. मात्र ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

इंग्लंडात लेस्टरसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना ही शिस्त परिचयाची आहे. तेथील १९९८ च्या नियमांप्रमाणे न्हाणीघरात गॅसचे उपकरण बसवायचे, तर ते बंद कोठीचेच असावे लागते. त्याला नळीत नळी अशी दुहेरी योजना असते. एका वाटेने बाहेरची ताजी हवा ज्योतीकडे येते आणि दुसऱ्या वाटेने जळकी हवा परत बाहेर जाते. खोलीतील हवेशी त्याचा संबंधच येत नाही. काम करणाऱ्याचे नाव ‘गॅस सेफ’ नोंदवहीत असावे लागते आणि घर भाड्याने देणाऱ्याला दर वर्षी तपासणी करून दाखला द्यावा लागतो. थंड देशात घर सतत बंद असते, म्हणून त्यांना हे आधी शिकावे लागले. ठाण्याची घरेही आता काचांनी, ग्रिलांनी आणि वातानुकूलनाने तितकीच बंद होत चालली आहेत.

पूर्वी खाणकामगार हा वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून खाली नेत असत. पक्षी आधी कोसळे आणि माणसे पळत. ब्रिटनच्या खाणींतून ही प्रथा १९८६ मध्ये संपली. त्या मुक्या जिवाचे काम आता तळहाताएवढा गजर करतो. कार्बन मोनॉक्साइडचा हा गजर गॅसगळतीच्या गजराहून वेगळा असतो, हे विकत घेताना विचारून घ्यावे. नौपाड्याच्या या घरात एक गजर बाल्कनीत आणि दुसरा न्हाणीघराबाहेरच्या बोळात लागला. डोंबिवलीलाही एक गेला. तेथे गीझर बाहेर काढण्यास जागाच नव्हती, म्हणून गॅसचा गीझर काढून मोठ्या टाकीचा विजेचा बसवला. जेथे जळकी हवा नेण्यास वाट नाही, तेथे गॅसचा गीझर नसावा, हाच तेथला योग्य निर्णय होता. गच्चीवर सौर बंब असलेल्या इमारतींना तर हा प्रश्न वर्षातील बरेच महिने पडतच नाही.

एवढे करूनही काही अघटित झालेच, तर काय करावे हे घरातील मुलांनाही सांगून ठेवले आहे. गीझर आणि गॅसचा कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. डॉक्टरांना ‘घरात गॅसचा गीझर आहे’ हे वाक्य आधी सांगावे. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नये. हा वायू चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते, म्हणून आकडा ९८ दिसत असतानाही माणूस गुदमरत असू शकतो. रक्ताची वेगळी तपासणी आणि शुद्ध प्राणवायू हाच उपाय. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे दीड तास पुरतो. म्हणून ‘बाहेर आला, आता बरा आहे’ असे म्हणून त्याला घरी झोपवू नये.

जैन घरांत यतना हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना आणि ठेवताना सावध असावे. हिंसेचे मूळ पुष्कळदा द्वेषापेक्षा प्रमादात असते, हे व्याख्यानांतून ऐकलेले असते. पाणी गाळून घेणारे, दिव्यावर पतंग येऊ नये म्हणून जपणारे घर आपल्याच न्हाणीघरातल्या ज्योतीविषयी मात्र निष्काळजी राहते, कारण तिच्यापासून होणारी हानी दिसत नाही. न दिसणाऱ्या जिवांची काळजी घेण्याची ज्यांना पिढ्यान्पिढ्या सवय आहे, त्यांना न दिसणाऱ्या वायूची काळजी घेणे कठीण वाटू नये.

गीझर बसवला की काम संपत नाही. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून बर्नर साफ करून घ्यावा, नळी आतून पाहावी, टोकाची जाळी तपासावी, गजराचे बटण दाबून पाहावे आणि त्याच्या पाठीवर लिहिलेली मुदत वाचावी. सिलिंडरची रबरी नळी असेल तर तिची पाच वर्षांची मुदतही पाहावी. ही तपासणी कधी करावी, हे व्यापारी घरांना आठवणीत ठेवणे अवघड नाही. दिवाळीला वहीपूजन होते, जुनी खाती मिटतात, नवी उघडतात आणि त्यानंतर काहीच आठवड्यांत सकाळचा गारवा सुरू होऊन न्हाणीघरांच्या खिडक्या लागू लागतात. त्या आधीच्या आठवड्यात दुकानाच्या हिशेबाबरोबर घराच्या जावकेची वाटही एकदा तपासून घ्यावी. खर्च फार नसतो आणि वेळ अर्धा दिवस लागतो.